जिवलग मित्र गंभीर आजारी पडल्यावर काय करावे: खाडीकाठच्या मुलांसाठी

ज्या मुलाचा वर्गातला किंवा वाडीतला मित्र अचानक मुंबईला नेला गेला आहे आणि घरातली मोठी माणसे त्याच्याविषयी हळू आवाजात बोलू लागली आहेत, अशा १४ ते १८ वर्षांच्या मुलासाठी हे टिपण लिहिले आहे. मी सिंधुदुर्गातल्या एका माध्यमिक शाळेत २२ वर्षे शिकवतो आहे. या काळात माझ्या तीन विद्यार्थ्यांना रक्ताचा कर्करोग झाला. त्यांतले दोघे बरे झाले, एक गेला. त्याच्याही आधी, मी स्वतः दहावीत असताना, माझ्या सर्वांत जवळच्या मित्राला हाच आजार झाला होता. त्या वेळी मी जे केले ते तुम्ही करू नये, आणि उशिराने जे केले ते तुम्ही पहिल्या दिवसापासून करावे, एवढ्यासाठी हा प्रपंच.

१९९६ च्या दिवाळीनंतर त्याला वरचेवर ताप येऊ लागला, नडग्यांवर काळेनिळे डाग उठू लागले, दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागले. डाग क्रिकेटमुळे आणि ताप खाडीच्या पाण्यात तासन्‌तास उभे राहिल्यामुळे, असे सगळ्यांनी धरून चालले. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासले आणि दुसऱ्याच रात्री तो वडिलांबरोबर एसटीने मुंबईला गेला. फेब्रुवारीत काही दिवसांसाठी तो घरी आला तेव्हा डोक्यावर केस नव्हते आणि चेहरा सुजून गोल झाला होता. मी त्याला लांबूनच पाहिले आणि मागच्या मागे परतलो. त्यानंतरचे चार महिने, तो गावात असेल तेव्हा, मी त्याच्या खळ्यावरून, म्हणजे घरापुढच्या अंगणावरून, जाणारी वाट सोडून खालच्या पाणंदीने जात असे. बोर्डाच्या परीक्षेचे कारण हाताशी होतेच. खरे कारण असे होते की, त्याच्यासमोर उभे राहून काय बोलायचे ते मला कळत नव्हते, आणि न गेलेले दिवस वाढत गेले तशी जाण्याची लाजही वाढत गेली. जूनमध्ये त्याच्या आईने मला बाजारात गाठले. ‘झिला, तो रोज सांजचो खळ्यात बसान तुझी वाट बघता. तुका येवक काय झाला?’ काकींनी एवढेच विचारले.

त्या संध्याकाळी मी गेलो. त्याने काही न बोलता गुंतलेल्या तंगुसाचे, म्हणजे मासे गरवायच्या दोऱ्याचे, एक भेंडोळे माझ्या पुढ्यात टाकले. काकींनी गऱ्या आधीच काढून घेतल्या होत्या, कारण साधी टोचणीसुद्धा त्या दिवसांत त्याला महागात पडली असती. दिवेलागणीपर्यंत आम्ही दोघे ते भेंडोळे सोडवत बसलो. आजाराचा विषय निघाला नाही. मी उठलो तेव्हा त्याने विचारले, ‘उद्या येतलंस मां?’

या वयात मुलग्यांची मैत्री बहुतेक करून एकत्र काहीतरी करण्यावर चालते. गरवायला जाणे, सड्यावर टेनिस बॉलचे सामने, काजूच्या बिया भाजणे, भजनात एकाने पखवाज आणि दुसऱ्याने झांज घेणे, सायकलवरून तालुक्याला जाणे, यांतच ती मैत्री असते. मनातले बोलून दाखवण्याची सवय आपल्याला कोणी लावलेली नसते. आजार हे सगळे करणे एका आठवड्यात बंद पाडतो. मग शब्द शोधावे लागतील असे वाटते, ते सापडत नाहीत, आणि मुलगा जाणेच सोडतो. म्हणून माझी पहिली सूचना अशी आहे की, शब्दांच्या मागे लागू नका. आजारपणात मावेल एवढे एखादे लहान काम शोधा आणि ते ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी दोघांनी मिळून करत राहा. बुद्धिबळाचा एक डाव, मागच्या सामन्याचा हिशेब, पखवाजाचा एखादा बोल बसवणे, गणिताचा एक स्वाध्याय, काहीही चालेल. आठवड्यातून एकदाच जमत असेल तर एकदाच ठरवा, पण तो दिवस चुकवू नका. पहिल्या महिन्यात रोज जाऊन पुढे सहा महिने न फिरकणारे मित्र मी पुष्कळ पाहिले आहेत. आजारी मुलाला ते जास्त लागते, कारण तेवढ्यात त्याला तुमची सवय झालेली असते.

आजाराची माहिती

मुलांमध्ये आढळणाऱ्या कर्करोगांत रक्ताच्या कर्करोगाचे, म्हणजे ल्युकेमियाचे, प्रमाण सर्वांत जास्त असते. त्याच्या ‘अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक’ या प्रकारात उपचार साधारण दोन ते तीन वर्षे चालतात. पहिले काही महिने औषधे जोराची असतात आणि वरचेवर रुग्णालयात राहावे लागते; नंतरचा मोठा काळ बहुतेक गोळ्यांवर, घरी राहून आणि तपासण्यांना जाऊन काढता येतो. वेळेवर आणि पुरे उपचार झाले तर यातली पुष्कळ मुले बरी होतात. ‘दोन-तीन वर्षे’ हा आकडा मात्र तुम्ही मनाशी पक्का धरून ठेवा. तुमची नववी, दहावी आणि अकरावी एवढा तो काळ आहे, आणि तुम्हाला तेवढ्या पल्ल्याची तयारी करायची आहे.

हा आजार संसर्गजन्य नाही. त्याच्या शेजारी बसल्याने, त्याचा हात धरल्याने तुम्हाला काही होत नाही. धोका उलट बाजूने असतो. केमोथेरपीने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात आणि तुमच्या अंगावर दोन दिवसांत निघून जाणारी सर्दी त्याला रुग्णालयात पोचवू शकते. भेटायला जाण्याआधी फोन करून ‘काउंट कसे आहेत?’ एवढे विचारा; काउंट म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या. त्याच्या घरात आता तो रोजचा शब्द झालेला असतो आणि काकी लगेच सांगतील. तुम्हाला खोकला, ताप, जुलाब असतील, डोळे आले असतील, किंवा तुमच्या घरात कोणाला कांजिण्या किंवा गोवर आला असेल, तर जाऊ नका आणि न येण्याचे कारण त्याला स्पष्ट सांगा. कांजिण्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. अंगावर पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच त्या पसरू लागतात. तुम्ही आज भेटून आलात आणि परवा तुमच्या अंगावर फोड दिसले, तर लाजेने गप्प बसू नका. त्याच क्षणी त्याच्या घरी कळवा, म्हणजे डॉक्टरांना विचारून त्याला प्रतिबंधक औषध देता येते. गेल्यावर आधी साबणाने हात धुवा, सांगितले तर मास्क लावा, चपला खळ्यातच सोडा.

खाण्यापिण्याविषयी थोडक्यात सांगतो. नाक्यावरचा वडापाव, बर्फाचा गोळा, न उकळलेले विहिरीचे पाणी आणि कच्चे किंवा अर्धवट शिजलेले काही त्याच्यासाठी नेऊ नका. कालवे आणि तिसऱ्या तर नकोतच. मेमध्ये हापूस न्यायचा असेल तर अख्खा, न फुटलेला न्या आणि त्याच्या आईच्या हाती द्या. धुऊन, सोलून, कापून देणे त्यांच्यावर सोपवा. गावच्या जेवणावळीत, आरतीच्या प्रसादात त्याला आग्रह होत असेल तर मध्ये पडून ‘त्याला चालत नाही’ असे तुम्ही म्हणा. ते त्याने स्वतः दहा वेळा म्हणणे फार कष्टाचे असते.

तो मुंबईत असताना

परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, आणि ते ज्या गिरणगावात आहे तिथे आपल्या कितीतरी गावांची माणसे गिरण्यांच्या काळापासून राहत आली. गावकीच्या खोल्या आता कमी झाल्या, पण बहुतेक गावांची मुंबई मंडळे अजून आहेत. मित्राच्या वडिलांना राहण्याची, सोबतीची किंवा रक्तदात्यांची गरज असेल तर मंडळातल्या माणसाचा फोन नंबर मिळवून देणे हे काम १५ वर्षांचा मुलगा उत्तम करू शकतो. मात्र आधी त्याच्या घरच्यांना विचारा. आपल्या आजाराची बातमी किती लोकांत जावी हे ठरवण्याचा हक्क त्यांचा आहे.

रक्त देण्याची इच्छा तुम्हाला होईल, पण १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत आणि वजन किमान ४५ किलो असल्याशिवाय रक्तदान करता येत नाही. त्याला ज्यांची वारंवार गरज पडते त्या प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, पाचच दिवस टिकतात, म्हणून साठा करून भागत नाही. दाते पुन्हा पुन्हा लागतात. मुंबईत असलेल्या, वयात बसणाऱ्या, ‘बोलावले तर येतो’ म्हणणाऱ्या माणसांची यादी एका वहीत नीट लिहून त्याच्या वडिलांकडे दिलीत तर तिचा खरा उपयोग होतो. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना, रेल्वेच्या भाड्यातली कर्करुग्णांची सवलत हे मोठ्यांचे विषय आहेत. त्या घरात ते कोणाला माहीत नाही असे दिसले तर आपल्या शिक्षकांच्या कानावर घाला.

फोनवर रोज ‘बरे वाटते का?’ असे विचारू नका. दिवसभर डॉक्टर, परिचारिका, नातेवाईक हेच विचारत असतात. त्यापेक्षा ज्याला उत्तर द्यावे लागणार नाही असे काहीतरी पाठवा. भजनाच्या तालमीचे दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण, धक्क्यावर आज काय मिळाले याचा फोटो, वर्गात कोणी कशावरून बोलणी खाल्ली याची हकीकत, हे त्याला हवे असते. सलग चार दिवस उत्तर आले नाही तरी राग मानू नका; त्याच्या तोंडात फोड आलेले असतील, मळमळत असेल, किंवा नुसता थकवा असेल. घरी नेट मिळत नसल्यामुळे माझा एक विद्यार्थी दर शनिवारी संध्याकाळी सड्यावर चढून जाई आणि तिथून मित्राला फोन करी. पावसातही त्याने तो वार चुकवला नाही.

त्याचा फोटो मात्र त्याला विचारल्याशिवाय कोणत्याही ग्रुपवर टाकू नका, मग तो मदतीच्या आवाहनासाठी का असेना.

बदललेले शरीर

केमोथेरपी सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात. उपचारांचा जोराचा भाग संपल्यावर ते परत येतात. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी चेहरा गोल होतो, भूक अनावर लागते आणि राग पटकन येतो. एका औषधाने पायांतल्या नसा दुखावतात, त्यामुळे जिना चढताना पाऊल अडखळते. हे सगळे औषधांचे परिणाम आहेत हे तुम्हाला आधी ठाऊक असेल तर पहिल्या भेटीत तुमचा चेहरा पडणार नाही, आणि तो विनाकारण खेकसला तर ते तुम्ही मनाला लावून घेणार नाही.

मित्रांनी मिळून टक्कल करण्याची कल्पना हल्ली मुलांना सुचते. हेतू चांगला असतो. पण आपल्याकडे डोके भादरलेली मुले एकत्र दिसली की लोक ‘कोण गेला?’ असेच विचारतात. त्याच्या आजीने खळ्यात अशी पाच मुले उभी पाहिली तर त्या बाईच्या मनात काय येईल, याचा विचार करा. त्याला विचारा, तो नको म्हणाला तर विषय सोडून द्या.

खेळाचेही तसेच आहे. प्लेटलेट कमी असताना छोट्या मारानेही आत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून कबड्डी, चेंडूचा मार, सायकलवरून धडपडणे टाळायचे असते. हातात किंवा छातीत औषधासाठी नळी बसवलेली असेल तर खाडीत आणि विहिरीत उतरणे बंद. संघाचा वेगवान गोलंदाज असलेल्या मुलाला ‘तू गुण लिही’ म्हणून सहज वही देऊ नका. काही मुलांना ते आवडते, काहींना बाहेर बसून दुसऱ्याला गोलंदाजी करताना पाहवत नाही. काय करायचे ते त्याला ठरवू द्या.

ठेवायचे आणि न ठेवायचे गुपित

मैत्रीची सर्वांत अवघड परीक्षा इथे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आजारी मुलगा आईवडिलांना जे सांगत नाही ते तुम्हाला सांगेल. आपल्या उपचारांसाठी बागेतली कलमे गहाण पडली याची त्याला लाज वाटत असेल, मरणाची भीती वाटत असेल, एखाद्या मुलीने आता आपल्याकडे पाहू नये असे वाटत असेल. हे सगळे ऐका आणि पोटात ठेवा. ‘असे बोलू नको, सगळे ठीक होईल’ म्हणून त्याला गप्प करू नका. तो ‘मी मरेन काय रे?’ असे विचारील तेव्हा तुम्हाला उत्तर ठाऊक नाही, आणि ‘माका म्हायत नाय, पण मी हंयच आसंय’ हे खरे बोलणे पुरेसे आहे.

मात्र तीन गोष्टी पोटात ठेवायच्या नाहीत. पहिली, ताप किंवा थंडी वाजणे. दुसरी, कुठूनही येणारे आणि न थांबणारे रक्त. तिसरी, गोळ्या चुपचाप फेकून देणे किंवा जिवाचे बरेवाईट करून घेण्याचे बोलणे. पांढऱ्या पेशी कमी असताना अंगात जंतू शिरले तर ताप हे एकच लक्षण दिसू शकते आणि काही तासांत प्रकृती हाताबाहेर जाऊ शकते. म्हणून अंगात ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट, ताप दिसला की सकाळची वाट न पाहता त्याच्या डॉक्टरांना कळवावे लागते. ताप दडपणारी गोळीही त्यांना विचारल्याशिवाय घ्यायची नसते.

माझ्या एका विद्यार्थ्याला गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री आजारी मित्राचा फोन आला. बोलताना त्याचे दात वाजत होते. ‘आवशीक सांगू नको, उद्या गणपती हा, माका परत हॉस्पिटलात घालतले,’ असे म्हणून त्याने शपथ घातली. या मुलाने पाच मिनिटे विचार केला आणि आपल्या वडिलांना उठवले. मध्यरात्री गाडी निघाली, सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू झाले, गणपती रुग्णालयात गेला. मित्र आठ दिवस याच्याशी बोलला नाही, आणि ते आठ दिवस हा मुलगा वर्गात मान खाली घालून बसे. मी त्याला तेव्हा जे म्हटले ते इथेही लिहितो: शपथ मोडल्याबद्दल मित्राची माफी माग, पण जे केले त्याबद्दल मागू नकोस. तुमच्यावर अशी वेळ येण्याआधीच, चांगल्या दिवशी, मित्राला स्पष्ट सांगून ठेवा की या तीन गोष्टी मी सांगणार, बाकी काहीही सांगणार नाही. मग तो ठरवील काय बोलायचे ते.

गावात बोलले जाते त्यापासून दूर राहा. कोणी बाधा म्हणेल, कोणी देवाची आण मोडली म्हणेल. त्याच्या घरच्यांनी गाऱ्हाणे घातले, कौल लावला, तर त्यांच्या श्रद्धेशी वाद घालण्याचे तुमचे वय नाही. पण कौलासाठी केमोची तारीख पुढे ढकलली जाते आहे किंवा डॉक्टरांना न सांगता झाडपाल्याचे औषध चालू आहे असे कळले, तर एखाद्या विश्वासू मोठ्या माणसाला जरूर सांगा.

तुमचे स्वतःचे काय

तो मागे राहील आणि तुम्ही पुढच्या वर्गात जाल. दहावीला बसता आले नाही तर पुरवणी परीक्षा आहे, पुढचे वर्ष आहे, रत्नागिरीच्या विभागीय मंडळाशी शाळा बोलेल. तुमच्या सुवाच्य अक्षरातल्या वह्या मात्र दुसरे कोणी देऊ शकत नाही. तुमचे गुण, तुमची निवड, तुमची सहल त्याच्यापासून लपवू नका. लपवलेले त्याला कळतेच, आणि आपल्याला आता कोणी बरोबरीचे मानत नाही असे त्याच्या मनात बसते.

तुम्हाला झोप लागेनाशी झाली, अभ्यासात मन लागेना, तर तेही कोणाला तरी सांगा. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येते. घरातल्या मोठ्यांना माझी विनंती आहे की, ‘तू कशाला रडतोस, तू तर ठणठणीत आहेस’ असे या मुलांना म्हणू नये.

कधी कधी उपचारांना यश येत नाही. माझा एक विद्यार्थी गेला तेव्हा त्याच्या चार मित्रांना त्याच्या घरी जावे की नाही ते कळेना. मी त्यांना घेऊन गेलो. आम्ही ओटीवर बसलो, त्याच्या आईने त्याची वही आणून दाखवली, मुले रडली, त्याही रडल्या. पुढे दर काही दिवसांनी ती मुले जात राहिली. त्याच्या वडिलांबरोबर माडाची झापे ओढणे, बाजार आणून देणे अशी कामे करत राहिली. अशा घरी जाणे थांबवू नका.

आणि तो बरा झाला तर, जसे बहुतेकांचे व्हावे असे मला मनापासून वाटते, उपचार संपल्याच्या दिवशी सगळे संपले असे समजू नका. तपासण्या पुढे काही वर्षे चालतात आणि प्रत्येक तपासणीच्या आधीच्या आठवड्यात तो गप्प होतो. त्या आठवड्यात तुमचा ठरलेला वार दोनदा करा. माझ्या मित्राचे उपचार संपले तोवर कोकण रेल्वे सुरू होऊन वर्ष उलटले होते, आणि शेवटच्या खेपेहून तो कणकवलीला गाडीतून उतरला तेव्हा मी फलाटावर होतो. पाण्याजवळ जायची परवानगी डॉक्टरांनी आणखी काही महिन्यांनी दिली. तुमच्या मित्रालाही ती मिळाली की पहिल्या दिवशी भरती लागताना धक्क्यावर जा, तासाभराच्या वर थांबू नका, त्याला बसायला एक डबा घ्या. गरीला आमिष त्याचे त्याला लावू द्या. परत येताना चढणीवर तो दोनदा थांबेल, तेव्हा तुम्हीही थांबा, आणि माशांची बादली त्याच्या हातात असेल तर ती मागू नका.